दोन हुकूमशहांच्या मधला राजदूत

५ मे १९४१ रोजी सकाळी मॉस्कोतील जर्मन राजदूताने आपल्या निवासस्थानी एका पाहुण्याला न्याहारीसाठी बोलावले होते. पाहुणे होते व्लादिमिर देकानोझोव्ह, सोव्हिएत युनियनचे बर्लिनमधील राजदूत. मे दिनाच्या संचलनासाठी ते मायदेशी आले होते. टेबलाभोवती दोन्ही राजदूतांखेरीज जर्मन दूतावासातील सल्लागार गुस्टाव्ह हिल्गर आणि सोव्हिएत बाजूचा दुभाषा पाव्हलोव्ह एवढेच होते. या भेटीसाठी यजमानाने बर्लिनची परवानगी घेतलेली नव्हती. बर्लिनला तिची कल्पनाही नव्हती. तरीही त्याने परक्या सरकारच्या प्रतिनिधीसमोर विषय काढला तो दोन्ही देशांच्या संबंधांवर दाटून आलेल्या संकटाचा. स्टालिनने तातडीने हालचाल केली तर ते संकट अजून टळू शकेल, असे तो सुचवत होता. आपल्या सरकारच्या मनात काय आहे हे त्याने बर्लिनमध्ये आठवड्यापूर्वीच ओळखले होते. या संभाषणाचा सुगावा हिटलरला लागता, तर त्या राजदूताचे आयुष्य तिथेच संपले असते.

राजदूताचे नाव काउंट फ्रीडरिश वेर्नर फॉन देअर शुलेनबर्ग. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात ते दोनदा ठळकपणे भेटतात. २३ ऑगस्ट १९३९ च्या रात्री क्रेमलिनमध्ये जर्मनी व सोव्हिएत युनियन यांच्यातील अनाक्रमण करारावर सह्या झाल्या तेव्हा ते त्या दालनात होते. त्यानंतर बावीस महिन्यांनी, २२ जून १९४१ च्या पहाटे, तो करार संपल्याचे निवेदन घेऊन त्याच क्रेमलिनमध्ये त्यांनाच जावे लागले. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात आणि त्यांच्या आधीच्या चाळीस वर्षांत हा माणूस काय करत होता, हे पाहिले तर मुत्सद्देगिरी या व्यवसायाबद्दलचे काही अवघड प्रश्न समोर येतात.

शुलेनबर्ग यांचा जन्म २० नोव्हेंबर १८७५ चा. विटेनबर्गजवळचे केमबर्ग हे त्यांचे जन्मगाव त्या वेळी प्रशियाच्या सॅक्सनी प्रांतात होते. वडील लष्करी अधिकारी. घराणे जुने आणि सरदारी. याच घराण्यातील एका सेनापतीने १७१६ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकातर्फे कोर्फू बेटाचा तुर्कांपासून बचाव केला होता. अशा घरातल्या मुलापुढे साधारणतः दोन वाटा असत, सैन्य किंवा राजनैतिक सेवा. फ्रीडरिश वेर्नर यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९०१ मध्ये ते परराष्ट्र खात्यात दाखल झाले. मात्र वाणिज्य दूतांच्या शाखेत. कैसरच्या काळात या खात्यात दोन वेगळ्या वाटा होत्या. राजधान्यांमधून मेजवान्या आणि दरबारी मसलती करणारी राजनैतिक सेवा श्रीमंत उमरावांची मानली जाई. बंदरांतून आणि व्यापारी शहरांतून पासपोर्ट, जहाजांची कागदपत्रे आणि व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी सांभाळणारी वाणिज्य सेवा मध्यमवर्गीयांची. पहिल्या महायुद्धानंतर या दोन सेवा एकत्र करण्यात आल्या. शुलेनबर्ग यांनी उमेदवारीची वर्षे या दुसऱ्या, कमी झगमगाटाच्या शाखेत काढली आणि त्याचा त्यांना आयुष्यभर फायदाच झाला असे म्हणावे लागेल. परका देश समजून घ्यायचा तर तो बाजारातून आणि कचेऱ्यांतून, हे त्यांना तिथे उमगले असावे.

१९०३ मध्ये बार्सिलोना येथे ते उपवाणिज्य दूत झाले. त्यानंतर लेंबर्ग, प्राग, वॉर्सा अशी ठाणी झाली आणि १९११ मध्ये कॉकेशसमधील तिफ्लिस, म्हणजे आजचे त्बिलिसी, येथे वाणिज्य दूत म्हणून त्यांची नेमणूक झाली. वॉर्सा आणि तिफ्लिस ही दोन्ही शहरे त्या वेळी झारच्या साम्राज्यात होती. रशियाशी त्यांचा संबंध जडला तो असा, साम्राज्याच्या कडेच्या प्रांतांतून. दरम्यान १९०८ मध्ये त्यांचा विवाह झाला, पण तो दोन वर्षांतच मोडला. त्यांना एक मुलगी होती. पुढचे सारे आयुष्य ठाण्यामागून ठाणी बदलत गेले.

१९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावरील हा अधिकारी तोफखान्यात कॅप्टन म्हणून मार्नच्या लढाईत उतरला. पुढच्याच वर्षी त्यांच्या कॉकेशसच्या माहितीचा उपयोग करून घेण्याचे ठरले आणि त्यांना तुर्की सैन्याकडे जर्मनीचा संपर्क अधिकारी म्हणून पाठवण्यात आले. रशियाविरुद्ध लढण्यासाठी जॉर्जियन लोकांचे पथक उभारण्यात त्यांचा सहभाग होता. एर्झुरुम येथील जर्मन वकिलातीचा कारभारही काही काळ त्यांच्याकडे होता. हा काळ आर्मेनियन लोकांच्या हद्दपारीचा आणि कत्तलीचा. तो सारा प्रदेश माणसांपासून रिकामा होत असताना मित्रराष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून ते तिथे हजर होते. मित्रराष्ट्र काय करते आहे हे दिसत असूनही आपल्या सरकारच्या धोरणाबाहेर पाऊल टाकायचे नाही, हा व्यवसायाचा कठोर नियम त्यांना तिथे पहिल्यांदा पाळावा लागला. १९१८ मध्ये जॉर्जियाने स्वातंत्र्य पुकारले आणि जर्मनीने त्याला पाठिंबा दिला, तेव्हा जर्मन शिष्टमंडळाबरोबर शुलेनबर्ग पुन्हा तिफ्लिसमध्ये होते. जर्मनीचा पराभव झाल्यावर ब्रिटिशांनी त्यांना इस्तंबूलजवळच्या ब्युयुकादा बेटावर स्थानबद्ध केले. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा त्यांना नेमणारा कैसर परागंदा झालेला होता आणि जर्मनी प्रजासत्ताक बनले होते.

प्रजासत्ताकाने त्यांना तेहरानला पाठवले. १९२२ पासून १९३१ पर्यंत, जवळपास नऊ वर्षे, ते इराणमध्ये जर्मनीचे प्रतिनिधी होते. त्यांच्या कारकिर्दीतला हा बहुधा सर्वांत सुखाचा काळ असावा. रझाखानाने जुनी राजवट उलथून १९२६ मध्ये मस्तकी मुकुट धारण केला होता. ब्रिटन आणि रशिया या दोन्ही बड्या शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी त्याला एक तिसरा मित्र हवा होता. युद्धात हरलेली आणि वसाहती गमावलेली जर्मनी त्याला सोयीची वाटली. युंकर्स कंपनीची विमाने इराणच्या आकाशात उडू लागली, इराणच्या रेल्वेच्या कामात जर्मन कंपन्यांना वाटा मिळाला आणि १९२८ मध्ये स्थापन झालेल्या इराणच्या राष्ट्रीय बँकेचा पहिला संचालक जर्मन होता. नवे रस्ते, नवे कारखाने, नवी बँक अशा या गडबडीत शुलेनबर्ग इराणभर हिंडले. पर्सेपोलिसच्या अवशेषांत प्रवेशद्वाराच्या दगडावर आपले नाव कोरून ठेवण्याचा मोह मात्र त्यांनाही आवरला नाही. त्या नावापुढे १९२६ आणि १९३० अशी दोन्ही भेटींची वर्षे आहेत. शतकानुशतके तिथे येणारे युरोपीय प्रवासी आणि अधिकारी हेच करत आले होते. आपल्याकडे गडकिल्ल्यांवर नावे कोरणाऱ्यांना आपण बोल लावतो, पण हा रोग कुलीनांनाही सोडत नाही इतकेच.

त्यानंतर तीन वर्षे बुखारेस्टमध्ये काढून १९३४ मध्ये ते मॉस्कोला राजदूत म्हणून आले.

ही नेमणूक नीट समजून घेतली पाहिजे. त्यांच्या आधीचे राजदूत रुडोल्फ नाडोल्नी यांचा आग्रह असा होता, की जर्मनीने सोव्हिएत युनियनशी सलोख्याचे धोरण सोडू नये. हिटलरने ते ऐकले नाही, तेव्हा नाडोल्नी यांनी राजीनामा दिला. त्याआधी १९३३ मध्ये वॉशिंग्टनमधील जर्मन राजदूत प्रिट्विट्झ यांनी नव्या राजवटीची सेवा करण्याचे नाकारून पद सोडले होते. म्हणजे वाट नव्हती असे नाही. फार थोड्यांनी ती धरली एवढेच. शुलेनबर्ग यांनी ती धरली नाही. उलट १९३४ मध्येच ते नाझी पक्षाचे सभासद झाले. त्यांची मते नाडोल्नींहून वेगळी नव्हती. जर्मनी आणि रशिया यांनी एकमेकांशी लढू नये, लढल्यास दोघांचाही नाश होईल, ही बिस्मार्कच्या काळापासून चालत आलेली शिकवण त्यांनी पचवली होती. १९२२ चा रापालोचा करार आणि १९२६ चा बर्लिनचा करार याच विचारातून झाले होते. मग त्यांनी पद का स्वीकारले? मॉस्कोत बसून आपण तो धागा तुटू देणार नाही, अशी त्यांची धारणा होती, असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसते. नोकरीवर राहून आतून काही करता येईल, असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांची कोणत्याच देशात कधी वाण नसते. पण शुलेनबर्ग यांच्या बाबतीत ती केवळ सबब होती, असे म्हणता येत नाही. तसेच, ती सबब मुळीच नव्हती असेही म्हणवत नाही.

मॉस्कोतली पहिली पाच वर्षे कसोटीची होती. बर्लिनमध्ये हिटलर बोल्शेव्हिकांना शिव्या घालत होता आणि इकडे स्टालिनने आपल्याच माणसांचा संहार आरंभला होता. रशियन नागरिकाने परदेशी माणसाशी बोलणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण देणे झाले. सोव्हिएत युनियनमध्ये काम करणाऱ्या जर्मन नागरिकांची धरपकड सुरू झाली. १९३७ आणि १९३८ मध्ये दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या वाणिज्य वकिलाती बंद करवल्या. एवढ्या कोंडीतही शुलेनबर्ग यांच्या दूतावासात असा संच होता, जो मॉस्कोत दुसऱ्या कोणाकडे नसावा. हिल्गर आणि लष्करी प्रतिनिधी जनरल क्योस्ट्रिंग हे दोघेही रशियात जन्मलेले आणि रशियन भाषा मातृभाषेसारखी बोलणारे. हान्स फॉन हेरवार्ट हा तरुण सचिव आजीकडून ज्यू रक्ताचा. नव्या वंशविषयक कायद्यांच्या काळात तो नोकरीत टिकला तो बऱ्याच अंशी राजदूतांच्या आश्रयामुळे. हिटलरचे विचार या लोकांना पसंत नव्हते आणि हे एकमेकांना ठाऊक होते. ऑक्टोबर १९३८ मध्ये शुलेनबर्ग यांनी परराष्ट्रमंत्री लिट्विनोव्ह यांच्याशी एक छोटासा समझोता केला: दोन्ही देशांच्या वृत्तपत्रांनी आणि रेडिओने परस्परांच्या राष्ट्रप्रमुखांवर थेट चिखलफेक करू नये. तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही.

३ मे १९३९ रोजी लिट्विनोव्ह यांना दूर करून स्टालिनने परराष्ट्र खाते मोलोटोव्ह यांच्याकडे दिले. राजदूत त्या वेळी मॉस्कोत नव्हते. इराणच्या युवराजाच्या विवाह सोहळ्यासाठी जर्मनीचे प्रतिनिधी म्हणून ते तेहरानला गेले होते. परतल्यावर २० मे रोजी ते मोलोटोव्ह यांना भेटले. व्यापाराची बोलणी पुढे न्यायची तर आधी राजकीय पाया घातला पाहिजे, असे मोलोटोव्ह यांनी सांगितले. तो पाया म्हणजे नेमके काय, हे मात्र त्यांनी सांगायचे टाळले. उन्हाळाभर ही चाचपणी चालली. इंग्लंड आणि फ्रान्स यांचीही शिष्टमंडळे मॉस्कोत येत होती. स्टालिन दोन्हीकडचा भाव पाहत होता. १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला करण्याचे हिटलरने ठरवले होते. त्यामुळे ऑगस्टमध्ये बर्लिनहून येणाऱ्या तारांना एकाएकी घाई झाली. १९ ऑगस्टला शुलेनबर्ग मोलोटोव्ह यांना भेटले तेव्हा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप यांच्या भेटीची तारीख ठरवायला मोलोटोव्ह यांनी नकार दिला. राजदूत परतले. त्यानंतर जेमतेम अर्ध्या तासाने त्यांना पुन्हा क्रेमलिनमध्ये बोलावण्यात आले, कराराचा सोव्हिएत मसुदा हाती देण्यात आला आणि २६ किंवा २७ तारीख सुचवण्यात आली. मधल्या अर्ध्या तासात स्टालिनचा निरोप आला असला पाहिजे. पण हिटलरला तेवढाही धीर नव्हता. त्याने स्टालिनला व्यक्तिगत तार पाठवली. २१ ऑगस्टला दुपारी तीन वाजता शुलेनबर्ग यांनी ती मोलोटोव्ह यांच्या हाती दिली. पाच वाजता उत्तर मिळाले: रिबेनट्रॉप यांनी २३ तारखेस यावे.

त्या रात्री जगाला दिसला तो दहा वर्षांचा अनाक्रमण करार. त्याला जोडलेली गुप्त पुरवणी जगाला दिसली नाही. तिच्यात पूर्व युरोपची वाटणी होती. पोलंडचे दोन तुकडे. फिनलंड, एस्टोनिया आणि लाटव्हिया सोव्हिएत प्रभावाखाली. लिथुआनिया तेवढा जर्मनीकडे, आणि तोही सप्टेंबरअखेरच्या दुसऱ्या करारात सोव्हिएत बाजूला गेला. दुसऱ्याच दिवशी सकाळी हेरवार्टने या पुरवणीचा तपशील अमेरिकी दूतावासातील चार्ल्स बोलेन यांना सांगितला. युद्ध रोखण्यासाठी हा करार उपयोगी नसून युद्धाला वाट मोकळी करून देणारा आहे, हे त्या तरुण सचिवाला स्वच्छ दिसले होते. राजदूतांना ते दिसले नव्हते का? पाच वर्षे ज्याचा ध्यास घेतला तो सलोखा अखेर झाला, याचे समाधान त्यांना वाटले असणार. पण त्यांच्या आयुष्यभराच्या विचाराचे जे रूप कागदावर उतरले, ते एका शेजारी राष्ट्राचा बळी देणारे होते. हा डाग त्यांच्या नावावरून पुसता येणार नाही.

१७ सप्टेंबरच्या पहाटे दोन वाजता स्टालिनने त्यांना बोलावून घेतले आणि सहा वाजता लाल सेना पोलंडची सरहद्द ओलांडणार असल्याचे सांगितले. पोलिश राजदूताला द्यावयाचे निवेदन त्याने वाचून दाखवले. शुलेनबर्ग यांनी तीन ठिकाणी हरकत घेतली आणि स्टालिनने लगेच मजकूर बदलला. एका देशाच्या मृत्युलेखाची भाषा त्या रात्री दोघांनी मिळून तपासली, असेच म्हणायला हवे. मात्र पुढचा भागही सांगितलाच पाहिजे. पोलंड हे राज्यच आता अस्तित्वात नाही, असे कारण देऊन सोव्हिएत सरकारने पोलिश राजदूत ग्रिबोव्स्की आणि त्यांचे कर्मचारी यांचे राजनैतिक संरक्षण मानण्याचे नाकारले. अटकेची भीती होती. मॉस्कोतील परदेशी राजदूतांत सर्वांत ज्येष्ठ या नात्याने शुलेनबर्ग यांनी मध्यस्थी केली आणि शत्रुराष्ट्राच्या त्या राजदूताला सुखरूप देशाबाहेर पडता आले. मजकुराच्या दुरुस्त्या आणि ही मध्यस्थी ही दोन्ही कृत्ये एकाच माणसाची आहेत.

नोव्हेंबर १९४० मध्ये मोलोटोव्ह बर्लिनला गेले. भेट फसली. सोव्हिएत युनियनच्या अटी मोलोटोव्ह यांनी २५ नोव्हेंबरला मॉस्कोत शुलेनबर्ग यांच्याकडे दिल्या. हिटलरने त्यांना उत्तरच दिले नाही. १८ डिसेंबरला त्याने सोव्हिएत युनियनवरील आक्रमणाच्या योजनेवर सही केली. राजदूताला कोणी काही कळवले नाही. १० जानेवारी १९४१ रोजी त्यांनी आणि मोलोटोव्ह यांनी आणखी एका गुप्त कागदावर सह्या केल्या. लिथुआनियातील सीमेवरच्या एका पट्ट्यावरचा हक्क जर्मनीने ७५ लाख सुवर्ण डॉलर घेऊन सोडला. ज्या भूमीवर सहा महिन्यांत रणगाडे घालायचे होते, तिची किंमत हिटलरने आधीच वसूल करून घेतली आणि त्या व्यवहारावर सही आपल्या प्रामाणिक राजदूताची घेतली. सोव्हिएत धान्याच्या आणि तेलाच्या गाड्या जर्मनीकडे धावतच होत्या.

याच काळात आपल्या देशाशी संबंधित एक घटना या राजदूताच्या कचेरीत घडली. कलकत्त्यातील नजरकैदेतून निसटून काबूलला पोहोचलेले सुभाषचंद्र बोस ओर्लांडो माझोटा या इटालियन नावाच्या पासपोर्टवर मार्च १९४१ च्या अखेरीस मॉस्कोत आले. शुलेनबर्ग यांनी त्यांच्या आगमनाची तार बर्लिनला केली आणि २ एप्रिलला नेताजी बर्लिनमध्ये दाखल झाले. जर्मनी आणि सोव्हिएत युनियन यांचे सख्य टिकून राहील, या आधारावर नेताजींच्या योजनेचा मोठा भाग उभा होता. तो आधार किती तकलादू आहे, हे त्यांना वाट करून देणाऱ्या राजदूतालाही तेव्हा पुरते ठाऊक नव्हते.

संशय मात्र दाटत होता. १३ एप्रिलला जपानचे परराष्ट्रमंत्री मात्सुओका यांना निरोप देण्यासाठी स्टालिन स्वतः रेल्वे स्थानकावर आला. अशी गोष्ट कधी घडत नसे. गर्दीत त्याने शुलेनबर्ग यांना हुडकून काढले, त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि आपली मैत्री टिकली पाहिजे, त्यासाठी तुम्ही सर्व काही करा, अशा अर्थाचे सांगितले. लगेच वळून हंगामी लष्करी प्रतिनिधी क्रेब्स यांनाही त्याने तेच ऐकवले. स्टालिन घाबरला आहे, हे राजदूतांनी ओळखले. आपल्या सहकाऱ्यांसह तयार केलेले टिपण घेऊन ते बर्लिनला गेले आणि २८ एप्रिलला हिटलरसमोर उभे राहिले. भेट अर्ध्या तासाची. युगोस्लाव्हियाशी मैत्रीचा करार करण्याची रशियाला कुठून बुद्धी झाली, असे हिटलरने विचारले. सोव्हिएत हालचालींमागे भीती आहे, आक्रमणाचा हेतू नाही, असे शुलेनबर्ग पटवत राहिले. स्टालिन आणखी सवलती द्यायला तयार आहे, पुढच्या वर्षी ५० लाख टनांपर्यंत धान्य देऊ शकेल, असेही त्यांनी सांगितले. त्यांचे टिपण टेबलावर पडून होते. त्याबद्दल हिटलरने अवाक्षर काढले नाही. निरोप घेताना मात्र त्याने, न विचारता, रशियाशी युद्ध करण्याचा आपला विचार नसल्याचे सांगितले. मॉस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर शुलेनबर्ग यांनी हिल्गरना बाजूला घेऊन कळवले, की युद्ध ठरले आहे आणि हिटलर आपल्याशी जाणूनबुजून खोटे बोलला.

त्यानंतरच्या आठवड्यात ती न्याहारी झाली. ५, ९ आणि १२ मे अशा तीन भेटी झाल्या. आपण सरकारच्या सूचनेवरून बोलत नाही, हे शुलेनबर्ग यांनी देकानोझोव्ह यांना सांगून टाकले. स्टालिनने हिटलरला पत्र लिहावे, दोन्ही सरकारांनी मिळून एक निवेदन काढावे, असे मार्ग त्यांनी सुचवले. त्यांनी हल्ल्याची तारीख सांगितली, असे नंतर काहींनी लिहिले. सोव्हिएत दफ्तरातील या भेटींच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या तेव्हा त्यांत तसे काही आढळले नाही. युद्धाचा शब्द न उच्चारता युद्धाची सूचना देण्याचा तो प्रयत्न होता. पण ज्याला इशारा द्यायचा होता, तो कोणत्याही इशाऱ्यात सापळा पाहणारा होता. जर्मन राजदूत वरच्या हुकुमावाचून असे बोलेल, हे सोव्हिएत बाजूला खरेच वाटेना. बर्लिन सौदा करू पाहते आहे, असा त्यांनी अर्थ लावला. १० मे रोजी हिटलरचा सहकारी रुडॉल्फ हेस विमानाने ब्रिटनमध्ये जाऊन उतरला आणि स्टालिनच्या संशयाचा रोख इंग्लंडकडे वळला. तिसऱ्या भेटीपर्यंत शुलेनबर्ग स्वतःही सावध झाले होते. दार तिथेच बंद झाले.

२१ जूनच्या रात्री साडेनऊ वाजता मोलोटोव्ह यांनी त्यांना बोलावून विचारले, की जर्मनी नाराज का आहे, युद्धाच्या अफवा कशासाठी? उत्तर देणे शुलेनबर्ग यांच्या हाती नव्हते. ते परतले, तोच बर्लिनहून सांकेतिक तार येऊ लागली. संकेतलिपी नष्ट करा, मोलोटोव्ह यांना भेटून निवेदन वाचून दाखवा आणि कोणतीही चर्चा करू नका, असा तिचा आदेश होता. पहाटे साडेपाचच्या सुमारास शुलेनबर्ग आणि हिल्गर क्रेमलिनमध्ये पोहोचले. हल्ला सुरू होऊन तासाहून अधिक काळ लोटला होता. निवेदन ऐकल्यावर मोलोटोव्ह यांनी, हे युद्धच समजायचे का, असे विचारले. राजदूतांनी हताशपणे हात हलवले. आम्ही याला पात्र नव्हतो, अशा आशयाचे मोलोटोव्ह बोलले. सात वर्षांच्या ओळखीच्या त्या शहरातून बाहेर पडताना शुलेनबर्ग पासष्ट वर्षांचे होते. काही आठवड्यांच्या स्थानबद्धतेनंतर दूतावासातील लोकांची तुर्कस्तानमार्गे अदलाबदल झाली.

बर्लिनमध्ये त्यांच्यासाठी काम उरले नव्हते. परराष्ट्र खात्यात रशियाविषयक एक समिती त्यांच्याकडे सोपवली गेली. तिला अधिकार काहीच नव्हते. १९४२ मध्ये आडलोन हॉटेलात कॉकेशसमधील निर्वासित पुढाऱ्यांना एकत्र करून काही राजकीय मार्ग काढण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तोही बंद पाडण्यात आला. बवेरियातील फाल्केनबर्ग येथे त्यांनी एक पडका किल्ला घेऊन निवृत्तीसाठी दुरुस्त करवला होता. तिथे स्वस्थ राहणे त्यांना शक्य होते.

ते राहिले नाहीत. हिटलरविरोधी कटातील गेर्डेलर आणि ट्रेस्को यांच्याशी त्यांचा संबंध आला. स्टालिनला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या थोड्या जर्मनांपैकी ते एक होते. म्हणून १९४३ मध्ये त्यांना आघाडी ओलांडून रशियन बाजूला पाठवावे आणि तहाची बोलणी करावीत, अशी कल्पना निघाली. अडुसष्टीला आलेला हा माणूस त्यासाठी तयार झाला होता. कल्पना प्रत्यक्षात आली नाही. हिटलरनंतरच्या सरकारच्या याद्यांमध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून दोन नावे घेतली जात: पश्चिमेशी बोलायचे झाल्यास उलरिश फॉन हासेल, पूर्वेशी बोलायचे झाल्यास शुलेनबर्ग. २० जुलै १९४४ चा बाँबस्फोट फसल्यावर अशा याद्यांतील नाव हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला. त्यांच्या घराण्यातील फ्रिट्झ डिटलोफ यांना १० ऑगस्टला फाशी झाले. २३ ऑक्टोबरला नाझींच्या जनन्यायालयाने फ्रीडरिश वेर्नर यांना देहदंड ठोठावला आणि १० नोव्हेंबर १९४४ रोजी बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. एकोणसत्तर वर्षे पूर्ण व्हायला दहा दिवस होते.

रिबेनट्रॉप यांना १९४६ मध्ये न्यूरेंबर्गमध्ये फाशी झाले. देकानोझोव्ह यांना डिसेंबर १९५३ मध्ये बेरियाबरोबर गोळ्या घालण्यात आल्या. हेरवार्ट वाचले आणि १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे लंडनमधील पहिले राजदूत झाले. शुलेनबर्ग यांच्या तारा अमेरिकी सरकारने १९४८ मध्ये इतर जर्मन कागदपत्रांसह प्रसिद्ध केल्या. त्यांच्यासमोर सही झालेली गुप्त पुरवणी अस्तित्वातच नव्हती, असे सोव्हिएत सरकार डिसेंबर १९८९ पर्यंत सांगत राहिले.